काळ्या मातीवरचं घर, भिंतींना तडे: विम्यातून काही मिळतं का?

प्रश्न (अकोला)
आमचं रो-हाऊस १६ घरांच्या स्कीममधलं, साडेचार वर्षांपूर्वी दिवाळीत ताबा घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात जिन्याखालच्या भिंतीत केसासारखी भेग दिसली. पुट्टी भरली. पावसाळ्यात ती मिटायची, एप्रिल-मेमध्ये पुन्हा उघडायची. यंदा मात्र खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा छतापर्यंत गेलाय, त्यात रुपयाचं नाणं उभं शिरतं. मागचं दारही चौकटीत अडकतं.

घराच्या विम्याची भारत गृह रक्षा पॉलिसी आहे. विमा कंपनीचे सर्व्हेअर (नुकसान पाहणारे) पंधरा मिनिटांत बघून गेले आणि पत्र आलं: बांधकाम बसल्यामुळे गेलेले तडे, दावा नामंजूर. पण जमीन खचणं कव्हर आहे असं मी स्वतः पॉलिसीत वाचलंय! त्या खोलीत सासूबाई झोपतात, रात्री माझा डोळा लागत नाही. विमा लोकपालांकडे (विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकतात ते) जाऊ का?

उत्तर १ (निवृत्त सर्व्हेअर)
ताई, जमीन खचण्याच्या कलमालगतच अपवाद दिलेत तेही वाचा. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडे, भरावाची जमीन दबणं, सदोष डिझाइन, निकृष्ट काम, हे सगळं वगळलंय. १ एप्रिल २०२१ पासून ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांची एकाच मजकुराची आहे, त्यामुळे दुसरीकडे विमा असता तरी हेच झालं असतं. भूकंप, पूर, पाण्याची टाकी फुटणं अशा घटनेचं नुकसान मिळतं. वर्षभर झिरपून आलेली ओल किंवा झिजलेलं वॉटरप्रूफिंग मिळत नाही. तुमची भेग ऋतूप्रमाणे उघडते-मिटते, म्हणजे माती फुगते आणि आकसते आहे.

बिल्डरला धरा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर त्याला ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यावी लागते. नाही केली तर महारेराकडे (या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) तक्रार करता येते. तुमच्याकडे जेमतेम सहा महिने उरलेत. लोकपालांमागे ते घालवू नका, कळकळीने सांगतो.

उत्तर २ (सिव्हिल इंजिनिअर, लातूर)
तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने दोन्ही टोकांना घट्ट बसवा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. बिल्डरकडे माती परीक्षणाचा अहवाल लेखी मागा. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्यायला हवा किंवा अंडररीम पाइल (तळाशी फुगीर असलेले, जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) हवेत, तिथेच बचत केलेली असते. गच्चीचं पाणी जोत्याशी पडत असेल तर पाइप लावून आधी लांब सोडा, नाहीतर बिल्डर तुमच्याच देखभालीवर बोट ठेवेल. आणि दुरुस्तीआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्याच.

प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल ओळीतली सगळी घरं फिरले. आणखी पाच घरांत तसेच तिरके तडे आहेत, एकाने तर कपाट लावून झाकला होता. सहा जणांच्या सह्यांची नोटीस उद्या स्पीड पोस्टाने जाईल. काच संध्याकाळीच बसवली. सासूबाईंची खाट पुढच्या खोलीत आणलीय.