मदत हवी आहे: 'जग्वार कॅटफिश' म्हणून मिळालेला हा मासा नक्की कोणता?

नमस्कार मंडळी,

'जग्वार कॅटफिश' या नावाने विकला जाणारा एक मासा घरी आला आहे. नाव खरं असेल तर हा लायोसोमाडोरस ऑन्सिनस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो नदीकडचा, मऊ (क्षार कमी असलेल्या) आणि आम्लधर्मी पाण्यातला मासा. माझ्या टँकचं पाणी जड (क्षार जास्त असलेलं) आहे, पीएच ७.८, तापमान २७ अंश. त्याच्यासाठी आरओचं (फिल्टरने क्षार काढलेलं) पाणी मिसळायला सुरुवात करावी का, हा मूळ प्रश्न. पण त्याआधी मासा तोच आहे का, याचीच मला शंका येते आहे.

लांबी साधारण ९ सेंमी. रंग मातकट तपकिरी, त्यावर काळपट डाग, पण जग्वारचे म्हणावेत असे ठसठशीत नाहीत, शाई फुटल्यासारखे. डोकं चपटं, तोंड चांगलंच रुंद. मिशांच्या तीन जोड्या. दिवसभर लाकडाच्या फटीत असा रुतून बसतो की शेपटीचं टोक तेवढं दिसतं. दिवे गेल्यावर टाकलेले बुडणारे पेलेट (खाद्याच्या गोळ्या) सकाळी शिल्लक नसतात, पण ते यानेच खाल्ले की टँकमधल्या कोरीडोरांनी (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश), देव जाणे. सोबत निऑन टेट्रा हे चिमुकले मासेही आहेत. फोटो काढायला गेलं की तपकिरी धुरकटपणाशिवाय काही येत नाही.

काटेरी राफेल हा दुसरा कॅटफिश तर नसेल ना? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद: रात्रपाळी

फोटो नसला तरी चालेल, दोन गोष्टी बघून सांगा. पहिली, अंगाच्या बाजूने, कल्ल्यामागून शेपटीपर्यंत, मागे वळलेल्या काट्यांच्या हाडकी पट्ट्यांची रांग आहे का? असेल तर तो डोराडिडी कुळातला, राफेल वगैरे. नसेल, अंग गुळगुळीत असेल, तर ऑचेनिप्टेरिडी, ज्यांना ड्रिफ्टवूड कॅटफिश म्हणतात; जग्वारही यातलाच. फक्त खांद्यावरच्या काट्यावर जाऊ नका. जग्वारचाही खांद्याचा काटा लांब आणि खरखरीत असतो, त्यावरून बरेच जण फसतात.

दुसरी गोष्ट, पोटाखालचा मागचा पर. जग्वारमध्ये तो तुलनेने आखूड असतो. त्याच कुळातल्या ट्रॅकेलिऑप्टेरस या दुसऱ्या प्रजातीगटात त्याचा पाया लांबलचक, जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला.

बघण्यासाठी जाळी मात्र अजिबात वापरू नका. छातीच्या पराचे काटे तो ताठ करून अडकवतो, मग जाळी कापण्यावाचून गत्यंतर नसतं. लाकडासकट पारदर्शक डब्यात घ्या.

प्रतिसाद: गाळमित्र

सिनोडॉन्टिस हा वेगळाच कॅटफिश नाही ना, हेही एकदा खात्री करून घ्या. तो आफ्रिकेतला, पण डागाळलेल्या तपकिरी पिल्लांना काहीही नाव चिकटवलं जातं. त्याच्या खालच्या मिशांना फांद्या फुटलेल्या असतात, तुमच्या माशाच्या साध्या असतील तर तो नव्हे.

आणि ओळख पटेपर्यंत पाण्याला हात लावू नका. पीएच खाली आणायच्या घाईत होणारा चढउतार जड पाण्यापेक्षा जास्त त्रास देतो.

धागाकर्ता:

आभार! लाल दिव्यात डब्यात घेऊन पाहिलं. बाजूला पट्ट्या-काटे काही नाहीत, साफ गुळगुळीत. मिशा साध्या. आणि मागचा पर चांगलाच लांब आहे, पोटाच्या मध्याच्या थोडं मागून निघून शेपटीच्या मुळापाशी पोचतो. म्हणजे जग्वार गेलाच म्हणायचा?

प्रतिसाद: रात्रपाळी

गेला. तुमचं वर्णन ट्रॅकेलिऑप्टेरसशी जुळतं, बहुधा गॅलिएटस. दक्षिण अमेरिकेत फार मोठ्या भागात पसरलेला मासा आहे, रंग इतका बदलता की डागांवरून काही ठरवू नये. पूर्ण वाढ २० सेंमीच्या आसपास. तुमच्यासाठी ही चांगलीच बातमी: हा जग्वारपेक्षा कणखर. आरओची भानगड नको, आठवड्याचं पाणी बदलणं नियमित ठेवा, म्हणजे झालं.

खाण्याचं म्हणाल तर पेलेटसोबत कोळंबीचे तुकडे आणि गांडूळ द्या. दिवे विझल्यावर अर्ध्या तासाने लाल दिव्यात पाहा, फटीतून थेट वर झेपावताना दिसेल. पोट आत गेलेलं नसेल तर काळजी नाही.

एक गंमत: या कुळात नर शुक्राणू मादीच्या शरीरातच सोडतो. नराच्या मागच्या पराचा पुढचा भाग त्यासाठी बदललेला असतो. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे एकट्या मादीने टँकमध्ये कधी अंडी घातली तर दचकू नका.

धागाकर्ता:

टेट्रांचं काय मग? हल्ली मोजताना दर वेळी कमीच भरतात.

प्रतिसाद: गाळमित्र

तोंडात मावणारा मासा रात्री तोंडातच जाणार, त्यात त्याची खोडी नाही. निऑन आजच दुसरीकडे हलवा. या टँकमध्ये त्याच्या जवळपास लांबीचे, उंच अंगाचे मासे ठेवा. कोरीडोरांवरही लक्ष असू द्या: त्यांचे काटे मोठ्या माशाच्या घशात अडकले की दोघेही जातात.