मदत हवी आहे: लिनक्स मिंटवर जुन्या मराठी फाइलींचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल आय३ प्रोसेसरवर चालतो, रॅम ८ जीबी. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत हा नाही. धडधाकट मशीन भंगारात काढायला मन होत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलंय. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहिलं. वायफाय, आवाज, इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) सगळं ठीक.

घोडं अडलंय बाबांच्या फाइलींपाशी. वर्डच्याच आहेत, पण कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या, म्हणजे युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) येण्याआधीच्या; त्यात रोमन अक्षरांनाच मराठी रूप दिलेलं असतं. लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! फॉन्टची टीटीएफ फाइल मिंटमध्ये बसवली तर निदान वाचता-छापता येतील ना? की आधी विंडोजवरच सगळं युनिकोडमध्ये करून घ्यावं? एक पान कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. शेकडो पानं हाताने कोण तपासणार?

बाबांना टायपिंगही जुन्याच सवयीचं, टाइपरायटरसारख्या रेमिंग्टन लेआउटचं हवंय. मिंटमध्ये मराठीसाठी ते कुणी वापरतं का? आणि टायपिंगची यंत्रणा कोणती घ्यावी, आयबस की एफसीआयटीएक्स? (ड्युअल बूट, म्हणजे विंडोजही सोबत ठेवणं, नको, २५६ जीबीची एसएसडी आधीच गच्च भरलीय.)