मैफलीच्या फोटोंत पट्टे येताहेत, सेन्सर गेला का? (तातडीने मदत हवी आहे)

तानपुऱ्यामागे
मंडळी, जरा लवकर सांगा. काल रात्रीच्या बैठकीत 240 फोटो काढले, जवळजवळ सगळ्यांत काळपट पट्टे. गायकाच्या पांढऱ्या झब्ब्यावर तर झेब्राच उभा राहिलाय. आज दुपारी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने दोन मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि "सेन्सर गया भिया, 18 हजार" म्हणून मोकळा झाला. कॅमेरा दोन वर्षांचा आहे, एकदाही पडलेला नाही. येत्या शनिवारी पुन्हा बैठक, आणि रविवारपर्यंत मंडळाच्या प्रदर्शनाला 12 फोटो द्यायचेत. सेन्सर बदलू की नवा कॅमेरा घेऊ? "मॅन्युअल वाचा" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

फक्त_रॉ
रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढलेत की जेपेगमध्ये? जेपेग असेल तर बोलणंच खुंटलं.

राजवाडा_रातपाळी
शटर स्पीड किती होता? हॉलमध्ये दिवे कसले? पट्टे आडवे की उभे? एक फोटो तरी टाका हो, नुसत्या वर्णनावर काय सांगणार.

तानपुऱ्यामागे
रॉ. सेटिंग नेहमीचीच. दिवे असतात तसेच, हॉलचे. पट्टे कधी आडवे, कधी उभे, म्हणून तर सेन्सरवर संशय. फोटो खाली जोडलाय.

सिरपूरचा_बगळा
नवाच घेणार असाल तर पक्ष्यांचाही विचार करून घ्या. मी 150-600 लेन्स घेतली आणि आयुष्य बदललं. सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव 2022 पासून रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहेत, आपल्या इंदूरच्या उंबऱ्यावर. यशवंतसागरला सारसाची जोडी मिळाली तर बैठका विसराल.

राजवाडा_रातपाळी
बगळेभाऊ, माणसाला शनिवारी गाणं टिपायचंय, सारस नाही.
तानपुरेवाले, फोटो पाहिला. "नेहमीची सेटिंग" म्हणजे आकड्यांत सांगा. आणि उभे पट्टे आलेले फोटो कॅमेरा उभा धरून काढलेत का?

तानपुऱ्यामागे
शटर 1/250, अॅपर्चर 1.8, आयएसओ 3200. हो, उभे पट्टेवाले सगळे उभेच धरून काढलेत. त्याचा काय संबंध? दिवसा बागेत काढलेले फोटो स्वच्छ आहेत, हे सांगायचं राहिलं.

रंग_नको
एवढा जीव कशाला जाळता? सगळे कृष्णधवल करा. मैफल कृष्णधवलच शोभते.

फक्त_रॉ
पट्टा उजेडाचा आहे, नुसत्या रंगाचा नाही. कृष्णधवल करून पिवळेपणा जाईल, काळा पट्टा जसाच्या तसा राहील. उलट जास्त उठून दिसेल.

रंग_नको
तुम्ही माझे फोटो पाहिलेत का कधी?

फक्त_रॉ
पाहिलेत. म्हणूनच बोललो.

राजवाडा_रातपाळी
भांडण नंतर. तानपुरेवाले, शेवटचा प्रश्न: शटरचा आवाज येत होता का?

तानपुऱ्यामागे
नाही ना! मागच्या महिन्यात विलंबित चालू असताना माझी टकटक ऐकून बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं की घाम फुटला. नंतर आयोजकांनीही दम दिला. तेव्हापासून सायलेंट मोडवरच असतो.

राजवाडा_रातपाळी
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं! 18 हजार खिशात ठेवा.

आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी दिवा सेकंदाला 100 वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्याला कळत नाही. सायलेंट मोडमध्ये सेन्सर एकदम वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचला जातो. 1/250 ला काही ओळींना उजळ क्षण मिळतो, काहींना मंद. तोच तुमचा पट्टा. पट्टे सेन्सरच्या ओळींबरोबर पडतात, म्हणून कॅमेरा उभा धरला की तेही उभे. तुमच्या फोटोत मी चार मोजले. चार झपके म्हणजे तुमचा सेन्सर पूर्ण वाचायला साधारण 1/25 सेकंद घेतो. दिवसा बागेत सूर्य असतो, तो लुकलुकत नाही.

उपाय: शटर 1/100 किंवा 1/50 ठेवा. प्रत्येक ओळीला झपक्याचं पूर्ण आवर्तन मिळेल आणि पट्टे जातील, सायलेंट मोडमध्येसुद्धा. वर आयएसओ 1250 पर्यंत खाली येईल.

सराफा_उपाशी
मेकॅनिकल शटर (पडद्याचं, आवाज करणारं) लावा, विषय संपला.

राजवाडा_रातपाळी
संपत नाही. 1/250 ला मेकॅनिकल लावलंत तरी एक फोटो उजळ, दुसरा अंधारा असा खेळ चालतो. वर ती टकटक. मेनूत अँटीफ्लिकर (दिव्याच्या झपक्याशी जुळवून फोटो घेणारा पर्याय) असेल, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत तो सायलेंटबरोबर चालतच नाही.

फक्त_रॉ
1/100 ला तान घेताना गायकाचा हात हलून पुसट येणार, त्याचं काय? शिवाय स्टेजच्या दिव्यांना डिमर असेल तर पट्टे चार नाहीत, बारीक आणि पुष्कळ येतात. तिथे तुमचं 1/100 हमखास चालेलच असं नाही.

राजवाडा_रातपाळी
डिमरचं बरोबर. पण इथे चारच आहेत. हाताचं म्हणाल तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बटण दाबा. समेला हात क्षणभर थांबतो, तबलजीही मान वर करतो. मी आठ वर्षं हेच करतोय.

जुनी_काच
विषय निघालाच आहे म्हणून. राजा दीनदयाळ इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायचे, 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला. काचेच्या प्लेटवर काढलेले ते फोटो बघा एकदा. ना एलईडी, ना सायलेंट मोड.

सराफा_उपाशी
आजोबा, त्या प्लेटसमोर माणसाला खांबासारखं उभं राहावं लागायचं. आपले बुवा एका जागी बसतील का? बरं, शनिवारची बैठक कुठे आहे? संपल्यावर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत भेटू, गराडू (तळलेला कंद) खाऊ.

सिरपूरचा_बगळा
गराडू थंडीत. आत्ता भुट्ट्याचा कीस.

तानपुऱ्यामागे
घरी करून पाहिलं. स्वयंपाकघरातल्या एलईडीखाली सायलेंट 1/250: आईच्या पांढऱ्या भिंतीवर चार पट्टे. 1/100: भिंत स्वच्छ. आई विचारतेय भिंतीत एवढं काय बघतोस. दुरुस्तीवाल्याला फोन करून सेन्सर बदलायचा नाही म्हणून सांगितलं, तर म्हणतो "चेकिंग के 300 लगेंगे".
पण काढलेल्या 240 चं काय करू?

फक्त_रॉ
प्रत्येक पट्ट्यावर वेगळा ग्रेडियंट मास्क (फक्त तेवढ्याच भागावर बदल करणारा), उजेड थोडा वर, पिवळेपणा खाली. एका फोटोला अर्धा तास धरा. झब्ब्यावरचा पट्टा जातो, चेहऱ्यावरचा नीट जात नाही, त्वचा मेणासारखी दिसते. जिथे पट्टा चेहऱ्यावर नाही तेवढेच निवडा.

तानपुऱ्यामागे
असे सात सापडले. पाच शनिवारी समेवर काढतो. सराफा_उपाशी, पत्ता निरोपात पाठवलाय, पण कॅमेरा आणलात तर टकटक नको. बाई पहिल्याच रांगेत असतील.

रंग_नको
त्या सातांतला एखादा तरी कृष्णधवल करून बघा.