जीपीएस असताना रेडिओ दुर्बीण कशाला?

वेगवेगळ्या खंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र वापरून पृथ्वी मोजतात, म्हणजे खंडांमधली अंतरं आणि पृथ्वीचं फिरणं मोजतात. त्यासाठी जीपीएस पुरत नाही का, असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की जीपीएसचे उपग्रह पृथ्वीभोवतीच फिरतात. त्यांची कक्षा सरकली की पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग बदलला, हे फक्त त्यांच्यावरून नीट वेगळं करता येत नाही. अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं, मात्र आकाशात जवळजवळ स्थिर. एकाच क्वेसारच्या लहरी दोन खंडांवरच्या दुर्बिणींवर किती वेळाच्या फरकाने पोचल्या, त्यावरून त्या दुर्बिणींमधलं अंतर निघतं. एक मिलिमीटर म्हणजे साधारण 3.3 पिकोसेकंद (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोसेकंद म्हणतात)! म्हणून तर प्रत्येक स्टेशनवर हायड्रोजन मेझर हे अतिशय अचूक अणुघड्याळ लागतं.

मला सगळ्यात भावतं ते ऑपरेटरचं काम. जर्मनीतल्या वेट्झेलसारख्या स्टेशनवर 24 तासांचं सत्र सुरू झालं की डिश ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आपोआप वळते. पण रिसीव्हर थंड आहे का, घड्याळ सरकतंय का, डेटा नोंदला जातोय का, यावर माणसाचीच नजर. वारा फार वाढला तर डिश थांबवायची. एवढं जागूनही निकाल लगेच दिसत नाही, सगळ्या स्टेशनांचा डेटा कोरिलेटर नावाच्या संगणक यंत्रणेवर एकत्र जुळवावा लागतो.

मी सोलापूरचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या धक्क्याने आम्ही सगळे अंगणात धावलो होतो. भूपट्टांचं सरकणंही अशाच मोजमापांतून कळतं; भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, हे वाचलं की तेव्हापासून मी थबकतो.

आणि पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीशी या पृथ्वी मोजणाऱ्या दुर्बिणींची गल्लत नको. तिथल्या 30 डिश खगोलसंशोधनासाठी आहेत.