गाणी ऐकण्यासाठी साउंड कार्ड: आतलं घ्यावं की बाहेरचं?

खर्जातला_सा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

गाणी मी संगणकावरच ऐकतो. जुन्या डब्यात एक पीसीआय साउंड कार्ड होतं. चौदा वर्षं राबलं, एकदाही कुरकुर नाही. गेल्या महिन्यात मदरबोर्डनं मान टाकली. नवा आणला, स्क्रू पिळले, आणि कार्ड बसवायला गेलो तर खाचच नाही! सगळ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या. कार्ड हातात धरून पाच मिनिटं नुसता बसून होतो.

तेव्हापासून बोर्डावरच्याच आवाजावर भागवतोय. आवाज वाईट नाही हो, पण तानपुरा लागलाय आणि आलाप अजून सुरू व्हायचाय, अशा वेळी मागे कुणीतरी वाळू चाळत बसल्यासारखं ऐकू येतं. माउस हलवला की चिर्रर्र. पान खाली सरकवलं की निराळी चिर्रर्र. घरचे म्हणतात, तुलाच बरं ऐकू येतं सगळं.

माझ्याकडे दोन हेडफोन आहेत, एक ३०० ओहमचा मोठा आणि एक ३२ ओहमचा साधा. शिवाय आत अॅम्प्लिफायर असलेली स्पीकरची जोडी. गाणी बहुतेक सगळी स्वतःच्या सीड्यांवरून उतरवलेली, फ्लॅक (काहीही न गाळता आवळलेली फाइल), १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. गेम खेळत नाही, माइक लावत नाही.

जाहिराती वाचून डोकं भणभणलंय. कुणी ७.१ (आठ स्पीकरचं) म्हणतो, कुणी ३२ बिट ३८४ किलोहर्ट्झ. मला दोनच कान आहेत. आतलं कार्ड घेऊ की यूएसबीचं बाहेरचं? जाणकारांनी सांगावं.

फ्यूज_उडालेला

थांबा, आधी काही विकत घेऊ नका.

तुम्ही वाळू, चिर्रर्र म्हणताय ती खरखर एकच आहे की दोन-तीन, हे आधी कळू द्या. चार गोष्टी करून बघा आणि इथे लिहा.

हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावता का? तसं असेल तर मागच्या हिरव्या जॅकला लावून ऐका. पुढच्या जॅकची वायर बोर्डाच्या अंगावरून, ग्राफिक्स कार्डाच्या बाजूनं फिरत येते आणि वाटेतला सगळा कचरा गोळा करते. मग स्पीकरची पिन संगणकातून काढून मोबाइलला लावा, मोबाइल चार्जरवर नको. तेव्हा स्पीकर शांत झाले तर ते निर्दोष. तिसरं, पडद्यावर काहीतरी जड, हलतं चित्र चालू करा आणि गुणगुण वाढते का ऐका. चौथं म्हणजे विंडोजच्या ध्वनी सेटिंगमधली सगळ्या "एन्हान्समेंट" (आवाजावर परस्पर केलेल्या प्रक्रिया) बंद करा. त्या नव्या बोर्डावर बहुधा न विचारता चालू असतात.

स्पीकर आणि संगणक, दोघांच्या प्लगना अर्थिंगची तिसरी पिन आहे का, तेही सांगा.

सोनेरी_कान

+१ बाहेरच्या डॅकला (आकड्यांचा आवाज करणारी डबी). कॅबिनेटच्या आत एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), पंखे, ग्राफिक्स कार्ड, सगळा बाजार भरलेला असतो. तिथे संगीत ठेवणं म्हणजे गिरणीत तंबोरा लावणं.

आणि घेताच आहात तर ३८४ किलोहर्ट्झ आणि डीएसडी (ध्वनी साठवायची एक निराळी पद्धत) चालणारंच घ्या. माझ्याकडे ४४.१ च्या फाइल वरच्या दरात बदलून ऐकल्या की पडदा उघडल्यासारखं वाटतं. तबल्याच्या चाटीला वेगळीच हवा मिळते. कान तयार झाले की मागे फिरवता येत नाहीत.

साशंक

सोनेरी_कान, गिरणीतला तंबोरा आवडला. पुढचं पटलं नाही.

४४.१ किलोहर्ट्झच्या दरात त्याच्या निम्म्यापर्यंतचं, म्हणजे २२.०५ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. माणसाचा कान फार तर २० पर्यंत जातो, आणि वय वाढेल तसा वरून झिजत येतो. माझे कधीच १४ च्या खाली आलेत. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. घरातली शांत खोलीसुद्धा तीसेक डेसिबल गुणगुणत असते, म्हणजे ९६ चा पल्ला पुरा वापरायचा तर गाणं कान फाटेस्तोवर लावावं लागेल. २४ बिटांचा हिशोब १४४ डेसिबलपर्यंत जातो, पण प्रत्यक्षात चांगला डॅक १२० च्या आसपास दमतो. ध्वनिमुद्रण करताना ती जास्तीची जागा कामाची, ऐकताना नाही. आणि जी फाइल मुळात ४४.१ ची आहे तिच्यात दर वाढवून नवीन काय येणार? पातेलं मोठं केलं म्हणून दूध वाढत नाही.

मीही एके काळी शपथेवर सांगायचो की मला फरक कळतो. मग फूबार२००० या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये एबीएक्स चाचणी केली. २४ बिट ९६ किलोहर्ट्झची फाइल एकीकडे, तिचीच १६/४४.१ ला उतरवलेली प्रत दुसरीकडे, नाव झाकलेलं. १६ वेळा विचारलं, ९ वेळा बरोबर आलो. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

दोन यंत्रांची तुलना करताना आवाजाची पातळी मोजून एकसारखी करा. अर्धा-एक डेसिबल मोठं असलेलं यंत्र कानाला "मोठं" लागत नाही, "मोकळं", "स्वच्छ" लागतं. पडदे बहुतेक तिथेच उघडतात.

अवांतर: दराचा त्रास एके काळी खराच होता. १९९८ ची साउंड ब्लास्टर लाइव्ह आत सगळं ४८ किलोहर्ट्झवरच चालवायची, सीडीचे ४४.१ तिला बदलून घ्यावे लागत. "कार्ड चांगलं हवं" हा धाक त्या काळातला आहे. आज रिअलटेकची बोर्डावरची एएलसी१२२० चिपसुद्धा कागदावर १२० डेसिबल सांगते. कागदावर म्हणतोय, कारण चिपभोवतीचा बोर्ड कसा आखलाय यावर पुढचं सगळं.

खर्जातला_सा

सगळ्यांचे आभार. शनिवार सकाळ टेबलाखाली गेली. निकाल असे:

मोठा हेडफोन पुढच्या जॅकला होता. मागे लावला आणि वाळू गायब! एवढ्यासाठी महिनाभर चिडचिड करत होतो. पण मागे आवाज फारच बारीक, शंभरावर नेऊनही ख्याल जेमतेम भरतो. गंमत म्हणजे ३२ ओहमचा तिथेच लावला तर खालचे सूर फुगल्यासारखे येतात. डग्गा सगळीकडे पसरतो.

स्पीकर मोबाइलला लावले, ठार शांत. संगणकाला लावले की गुणगुण आहेच, आणि पडद्यावर हलतं चित्र आलं की तिला कंठ फुटतो. दोघांनाही तीन पिना आहेत.

एन्हान्समेंट खरंच चालू होत्या. "मोठी खोली" की काहीतरी. बंद केल्या.

फ्यूज_उडालेला

छान. तुम्हाला एक नाही, तीन आजार आहेत, आणि तिन्हींची औषधं वेगळी.

पुढच्या जॅकचा सोडून द्या, तो कळला.

दुसरा आजार हेडफोनचा. कित्येक बोर्डांवर मागच्या हिरव्या जॅकच्या वाटेत ७५ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. तो जॅक स्पीकरसाठी आहे, तिथे त्याचं काही बिघडत नाही. ३२ ओहमचा हेडफोन लावला की मात्र बिघडतं. हेडफोनचा ओहम हा सगळ्या सुरांना एक नसतो. समजा तुमचा ३२ वाला १०० हर्ट्झच्या आसपास ६४ पर्यंत चढतो. ७५ ओहमच्या मागून त्याला पाजलंत तर तिथला सूर बाकीच्यांपेक्षा पावणेचार डेसिबल वर येतो. हाच तुमचा पसरलेला डग्गा. तोच हेडफोन १ ओहमच्या मागून वाजवला तर फरक ०.१३ डेसिबल, म्हणजे नाहीच. म्हणून घेताना बिट आणि किलोहर्ट्झ नंतर बघा, आधी "आउटपुट इम्पीडन्स" (यंत्राच्या स्वतःच्या वाटेतला ओहम) बघा. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी हवा, म्हणजे तुम्हाला ४ च्या खाली.

३०० वाल्याची रड उलटी. त्याला करंट कमी लागतो पण व्होल्ट जास्त लागतात. १ व्होल्ट दिला तर ३२ ओहमला ३१ मिलिवॉट मिळतात, ३०० ओहमला ३.३. ख्यालाच्या जुन्या मुद्रणांत सुरुवात फार हळू असते, म्हणून तुम्हाला ते जास्त जाणवतं. २ व्होल्टच्या वर देणारं काहीही घ्या.

दोन्ही अटी आतल्या चांगल्या कार्डात जमतात, बाहेरच्या डबीतही जमतात. मी बाहेरची घेईन, कारण पुढच्या वेळी खाच बदलली की पुन्हा कार्ड हातात धरून बसायला नको. मात्र नुसत्या यूएसबीनं तुमच्या स्पीकरची गुणगुण जाईल असं धरून चालू नका. तो तिसरा आजार, ग्राउंड लूप. संगणकाचं अर्थिंग, स्पीकरचं अर्थिंग आणि मधल्या ऑडिओ वायरची जाळी मिळून एक वेटोळं होतं, त्यातून कचरा फिरतो. यूएसबीच्या वायरीतही ग्राउंड असतंच, तेव्हा वेटोळं तसंच राहतं. बोर्डाच्या मागे लाल उजेड दिसणारं चौकोनी भोक आहे का? ते ऑप्टिकल. त्या वायरीतून फक्त उजेड जातो, वीज नाही, म्हणून वेटोळं तुटतं. ऑप्टिकल इनपुट असलेली डबी घ्या आणि तिला संगणकाच्या यूएसबीवर नाही, वेगळ्या दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर चालवा. भोक नसेल तर स्पीकरच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्हीकडची ग्राउंड न जोडता आवाज पलीकडे नेणारा) घाला.

आणि कुणी शहाणा अर्थिंगची पिन कापायला सांगेल. गुणगुण जाते, खरं आहे. उद्या आत काही शॉर्ट झालं तर तुम्हीही जाता. ती पिन तिथेच राहू द्या.

सोनेरी_कान

साशंक यांची चाचणी काल रात्री केली. १६ पैकी ७.

आज मी बोलत नाही.

साशंक

दंडवत. इथे आकडा आणून टाकणारे फार थोडे.

खर्जातला_सा

तीन आठवड्यांनी येतोय. भोक होतं! रबराचं बूच लावलेलं होतं, म्हणून कधी दिसलंच नाही.

डबी आणली, यूएसबी आणि ऑप्टिकल दोन्ही असलेली, आउटपुट इम्पीडन्स १ ओहमच्या आत. आधी मुद्दाम यूएसबीनंच लावली, फ्यूजभाऊंची परीक्षा घ्यायला. हेडफोन दोन्ही सुधारले, डग्गा जागेवर आला, ३०० वाला आता अर्ध्यावरच पुरेसा होतो. स्पीकर मात्र तसेच गुणगुणत होते. मग ऑप्टिकल लावली, वेगळा अॅडॉप्टर दिला, आणि एवढी शांतता झाली की स्पीकर बंद पडले असं वाटून मी आवाज वाढवला. त्यानंतर जो तानपुरा आला त्यानं खुर्चीतून उडालो.

आता रात्री ऐकताना एक बारीक सरसर येते. घाबरून सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या. मग लक्षात आलं, दुसरं गाणं लावलं की ती नसते. मूळ मुद्रणाच्या टेपची आहे. ती असू दे.

जुनं कार्ड पुसून डब्यात ठेवलंय, ड्रायव्हरच्या सीडीसकट. पीसीआयची खाच असलेला चालू संगणक कुणाकडे असेल तर कळवा, तसंच देऊन टाकतो.