सेकंड हँड अबार्थ पुंटोचा क्लच आत्ताच बदलू का थांबू? (सातारा)

पुंटोवाला_सातारा

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये २०१६ ची फियाटची अबार्थ पुंटो घेतली, मी तिसरा मालक, मीटरला ६८ हजार. १४५ एचपीची गाडी साताऱ्यात कशाला म्हणून घरी बरीच बोलाचाली झाली पण कॉलेजात असल्यापासून हीच गाडी मनात होती, त्यात आपल्या रांजणगावला बनलेली. गाडी एक नंबर आहे, तक्रार नाही. प्रश्न फक्त क्लचचा.

पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर पकडतो. घेतली तेव्हापासून असंच आहे. गेल्या रविवारी कासला फुलं बघायला निघालो तर यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग, तासभर नुसतं पहिला टाक, चार फूट सरक, थांब, परत पहिला टाक, आणि वर पोचेपर्यंत जळका वास. आई मागं बसली होती, ती म्हणाली काहीतरी जळतंय बघ. खाली उतरेपर्यंत वास गेला आणि दुसऱ्या दिवशी गाडी एकदम नॉर्मल.

आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणतात वर पकडतोय आणि ६८ हजार झालेत म्हणजे क्लच प्लेट संपली, काढून टाका. मित्र म्हणतो घसरायला लागल्याशिवाय हात लावू नको, फियाट बंद झालीय, उघडून बसलास तर पार्टसाठी फिरशील. दोघांचंही पटतंय म्हणून अडकलोय. दिवाळीत घरच्यांना घेऊन मालवणला जायचंय, फोंडा घाटानं. काय करू?

गिअरबॉक्स_कराड

भावा, किलोमीटरवर क्लच कधीच बदलायचा नसतो. वडलांच्या गॅरेजमध्ये १५ वर्षं काढलीत मी, ४० हजाराला जळालेली प्लेट पण बघितलीय आणि सव्वा लाखाला निम्मी शिल्लक असलेली पण. हायवेला गाडी पळाली का गावात हाफ क्लचवर रांगली, सगळा फरक त्याचा.

आता वर पकडतो ह्या मुद्द्याचं. वायरवाल्या क्लचमध्ये प्लेट झिजली की पकडायची जागा वर वर सरकते, मिस्त्रींचा हिशोब तिथला आहे आणि त्या गाड्यांपुरता बरोबर आहे. तुझ्या गाडीला वायर नाही, हायड्रॉलिक आहे, म्हणजे तेलाच्या दाबावर चालतो. तिथं प्लेट झिजेल तसा खालचा सिलिंडर आपोआप जुळवून घेतो, त्यामुळं पकडायची जागा फारशी हलत नाही. म्हणजे नुसतं वर पकडतो ह्यावरून प्लेटचं काही ठरवता येत नाही. उलट पेडल खाली खाली पकडायला लागलं, रिव्हर्स टाकताना करकर झाली तर ते ऑइल गळती नाहीतर लाईनमध्ये हवा, त्याला गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते. पेडल आधीपेक्षा जड झालंय का ते मात्र बघ, प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणारी) पाकळ्यांचा कोन बदलतो आणि पायाला जड लागतं.

खरी परीक्षा घसरण्याची. सकाळी लवकर हायवे मोकळा असताना, इंजिन गरम झाल्यावर, चौथ्या गिअरला ५० च्या आसपास सरळ चाल आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाब. काटा आणि वेग बरोबर चढले तर प्लेट धरतेय. आरपीएम एकदम हजार-पाचशेनं उडी मारून पुढं गेला आणि गाडी मागं राहिली तर घसरतेय. मग तेच पाचव्याला कर. घसरण नेहमी वरच्या गिअरला आणि टर्बो भरल्यावर आधी दिसते, पहिल्या-दुसऱ्यात गाडी ठणठणीत वाटते आणि माणूस फसतो. हँडब्रेक ओढून चौथ्यात क्लच सोडून बघायची जी टेस्ट लोक सांगतात ती परत परत करू नको, चांगली प्लेट तिथंच जळते.

आणि एक विचार आधीच्या मालकाला, गाडीचा रिमॅप केलाय का, म्हणजे ताकद वाढवायला इंजिन कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललंय का?

सांगली_टीजेट

कराडच्या दादांशी सहमत, फक्त माझा अनुभव सांगतो कारण त्यात माझे पैसे दोनदा गेलेत. माझी लिनिया टी-जेट आहे, तुमच्यासारखंच फियाटचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पार्किंगमध्ये दोन दिवस पाण्यात होती, इंजिनात पाणी नाही गेलं पण खाली सगळं भिजलं, नंतर तीन आठवडे तशीच उभी. चालू केली तर क्लच दाबलेला तरी गिअर पडेना, प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागचं जड चाक) चिकटलेली. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट आणि प्रेशर प्लेट नवीन टाकली, आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) हातानं फिरवून बघितलं तर गुळगुळीत फिरत होतं म्हणून तेच परत बसवायला मीच सांगितलं. चार महिन्यांत क्लच दाबला की कर्रर्र. परत गिअरबॉक्स खाली, परत तीच मजुरी. ग्रीस पाण्यात धुवून गेलेलं ते मला कुठून दिसणार होतं.

त्यामुळं बदलायचा तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदम, आणि क्रँकचा मागचा ऑइल सील पण त्याच वेळी टाका. सील स्वस्त आहे, पण तो गळून नव्या प्लेटवर ऑइल गेलं तर प्लेट गेलीच समजा. फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक चिरा आहेत का बघा, सिंगल मास (एकाच तुकड्याचं) असेल तर लेथवर साफ करून मिळतं, ड्युअल मास (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन तुकड्यांचं) असेल तर लेथच्या नादाला लागू नका.

सेकंड हँड गाडी आहे म्हणून अजून एक, आधीचा मालक कुठला? पुरातली गाडी बाहेर जिल्ह्यात जाऊन विकलेली मी स्वतः बघितलीय.

वाई_पसरणी

मी थोडं वेगळं सांगतो, राग मानू नका. टेस्ट वगैरे बरोबर आहे पण ही स्विफ्ट नाही, की सकाळी फोन केला आणि दुपारी कोल्हापूरहून क्लच किट आलं. फियाट भारतात २०२० च्या बीएस ६ (प्रदूषणाचे नियम) च्या आधीच थांबली. पार्ट मिळतात, जीपच्या सर्व्हिस सेंटरमधून मागवता येतात, पण किती दिवसांनी येतील ते तुमच्या हातात नाही. म्हणून आधी किट मागवून घरात ठेवा आणि मग ठरवा कधी बदलायचं. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढा, टी-जेटचंच आहे चालून जाईल म्हणून कोणी लिनियाचं दिलं तर नंबर जुळल्याशिवाय घेऊ नका. किट हातात नसताना गाडी उघडायची नाही, ती महिनाभर स्टँडवर बसते आणि उघड्या बेलहाऊसिंगमध्ये (क्लच असतो ते गिअरबॉक्सचं कवच) धूळ.

आणि घाटात रांग असेल तर पुढच्या गाडीला चिकटून रांगू नका. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पुढं तीन-चार गाड्यांची जागा झाली की एकदम जा. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. कासच्या सीझनला तिथं चांगल्या चांगल्या गाड्यांचे क्लच वास मारतात, एकदा वास आला म्हणून प्लेट मेली असं नसतं.

पुंटोवाला_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. काल सकाळी सहाला टेस्ट केली. चौथ्याला ५० वरून दाबला तर काटा सरळ साडेतीन हजारावर आणि गाडी जागेवर! दोनदा केलं, दोन्ही वेळा तसंच. घाबरून पहिल्या मालकाचा नंबर शोधला, पुण्याचे आहेत, माणूस सरळ निघाला, म्हणाले हो रिमॅप आहे, मधल्या मालकाला सांगितलेलं. मला कोणीच सांगितलं नाही. पुराचा काही संबंध नाही, पावत्या सगळ्या पुण्याच्या आहेत.

गिअरबॉक्स_कराड

वाटलंच. कंपनीचा आकडा २१२ न्यूटन मीटर, क्लच त्या हिशोबानं थोडी शिल्लक ठेवून दिलेला. रिमॅपमध्ये टॉर्क वाढवला की प्लेट जाड असली तरी पकड पुरत नाही. पुण्यात त्याच ट्यूनरकडं जाऊन ओरिजिनल फाईल टाकून घे आणि परत तीच टेस्ट कर. स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) चौथ्या-पाचव्याला घसरली नाही तर प्लेटमध्ये जीव आहे, सांभाळून चालव. स्टॉकवर पण घसरली तर वाट बघू नको. घसरणारी प्लेट तापते, तापली की अजून घसरते, आणि रिव्हेटपर्यंत झिजली तर फ्लायव्हील पण खाते, मग खर्च वेगळाच.

पुंटोवाला_सातारा

शनिवारी पुण्याला जाऊन स्टॉक फाईल टाकली. येताना खंबाटकी चढून वर आल्यावर गरम असतानाच टेस्ट केली. चौथ्याला एकदम व्यवस्थित, मी खूश. पाचव्याला ६० वरून दाबला तर काटा थोडा, तीन-चारशेनं, पुढं पळाला आणि मग धरलं. थंड असताना तेवढंही होत नाही.

म्हणजे संपत आलीय, असाच अर्थ ना? मी तसाच घेतलाय. किट आणि मागचा सील आज ऑर्डर केला, चेसिस नंबर देऊन. मालवणला बाबांची वॅगन आर नेतोय, चार माणसं आणि सामान घेऊन फोंडा घाटात ही पाचवी-चौथी करत बसायची माझी तयारी नाही. तोपर्यंत पुंटो ऑफिसला, सपाटीला, पाय हलका ठेवून. मिस्त्रींना सगळं दाखवलं, काम तेच करणार, फक्त फ्लायव्हील उतरवल्यावर मला बोलवा म्हटलं.

नवीन क्लच बसल्यावर किती किलोमीटर दमानं चालवायची?

गिअरबॉक्स_कराड

पहिले ५००-७०० किलोमीटर, आणि ते गावातले धर, हायवेचे नको. प्लेट बसायला गिअर बदलणं लागतं. तोवर फुल थ्रॉटल नाही, आणि यवतेश्वर तर नाहीच. फ्लायव्हील उतरवलं की फोटो टाक, निळं किती झालंय बघू.