मदत हवी आहे: बाबांची पोटावरची पिशवी टिकत नाही, सारखी गळते

माधवी_सोलापूर:
बाबांचं ऑपरेशन झालंय, पोटाला पिशवी लावली आहे. ती एक दिवस धड टिकत नाही. काल रात्री अडीच वाजता परत तेच. चादर, लेंगा, गादीवरचं रबर, सगळं. या आठवड्यात पाच प्लेटा (पिशवीखालची कातडीला चिकटणारी चकती) गेल्या. हॉस्पिटलात फोन केला की ‘नीट चिकटवा’ एवढंच सांगतात. नीट म्हणजे कसं ते कोण सांगणार? कुठली कंपनी चांगली आणि कुठली पेस्ट घट्ट बसते एवढं पटकन सांगा. ‘डॉक्टरांना विचारा’ कृपया लिहू नका, विचारून झालंय.

पिशवीधारी:
मी अकरा वर्षं पिशवी वापरतोय, एकदाही फजिती नाही. पेस्ट भरपूर लावा, कंजुषी नको. वरून पट्टा बांधा. विषय संपला.

गवती_चहा:
कसलं ऑपरेशन? पिशवी शौचाची की लघवीची?

माधवी_सोलापूर:
शौचाची. पिशवी म्हणजे अजून कसली असते?

रात्रपाळी:
लघवीचीही असते हो, म्हणूनच विचारलं त्यांनी. मी सर्जिकल वॉर्डात २२ वर्षं काढली, आता निवृत्त. लहान आतड्याची आहे की मोठ्या? किती दिवस झाले? येतं ते पाण्यासारखं की घट्ट? प्लेटचं भोक कोण कापतं, कुठल्या मापाने? आणि पुढची प्लेट गळाली की लगेच फेकू नका. उलटी करून उजेडात धरा. चिकटणारा थर कुठे विरघळलाय, कुठे पांढरा पडून फुगलाय ते दिसतं. घड्याळासारखं सांगा, १२ म्हणजे डोक्याची बाजू.

सुगरण_काकू:
माझ्या दिरांना पोट साफ होत नव्हतं तेव्हा रात्री कोमट दुधातून इसबगोल दिला होता. छान गुण आला. आणि कातडीला खोबरेल लावा, मऊ राहते.

माधवी_सोलापूर:
काकू, पोट साफ होण्याचा प्रश्नच नाही, थांबत नाहीये इथे! खोबरेल लावतेच आहे, त्यावर बेबी पावडर.
रात्रपाळी, लहान आतडं. तात्पुरतं आहे, काही महिन्यांनी आत घेणार म्हणालेत. पाच आठवडे झाले. अगदी पाणी. भोक मीच कापते, डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी कागदावर गोल काढून दिला होता त्यावरून. आजची प्लेट बघितली. ७ वाजता खाल्ल्यासारखी झालीय.

रात्रपाळी:
दोन गोष्टी सापडल्या. तेल आणि पावडर आजपासून बंद. तेलकट कातडीवर काहीही चिकटत नाही. साबण लावत असाल तर तोही नको. कोमट पाणी, मऊ कापड, आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबायचं.
दुसरं, तो कागद फेकून द्या. ऑपरेशननंतर स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, सुजलेला असतो, सहा ते आठ आठवडे आकसत जातो. दर आठवड्याला नव्याने मापायचा. प्लेटच्या डब्यात गोल भोकांचा मापाचा पुठ्ठा असतो. भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच मोठं हवं.
आणि ७ म्हणजे उलट्या प्लेटवरचे की पोटावरचे? उलटी धरली की डावं-उजवं बदलतं.

माधवी_सोलापूर:
अरे हो, उलट्याच प्लेटवर पाहिलं. म्हणजे पोटावर ५. बेंबीकडची खालची बाजू.
आत्ता मापलं. कागदावर ३८ होतं, स्टोमा २८ आहे. भोवती करंगळीच्या नखाएवढी कातडी उघडीच राहत होती. ती लालभडक आहे, ओलसर. बाबा सांगत नाहीत पण पाणी लागलं की ओठ दाबतात.

पिशवीधारी:
म्हणूनच म्हणतो, ती मोकळी जागा पेस्टने भरून टाका.

रात्रपाळी:
साहेब, तुमची मोठ्या आतड्याची असणार, घट्ट येतं. लहान आतड्यातलं पाचकरसांसकट येतं, ते कातडीच पचवायला घेतं. पेस्ट हा गोंद नाही. ती भेगा बुजवायची लांबी (पुट्टी) आहे. शिवाय पुष्कळशा पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, ओल्या कातडीवर लावली तर माणूस ओरडतो.
माधवीताई, ओल्या जागेवर स्टोमा पावडर (बेबी पावडर नव्हे) भुरभुरायची, जादा झटकायची, वरून बॅरियर फिल्मचा (कातडीवर पातळ संरक्षक थर देणारा) स्प्रे, तोही अल्कोहोल नसलेला. सुकलं की आणखी एकदोन थर. खपलीसारखा कोरडा पापुद्रा होतो, त्यावर प्लेट.

पिशवीधारी:
अकरा वर्षांचा अनुभव चुकीचा का? तुम्ही लावून बघितली आहे का स्वतःच्या पोटाला?

रात्रपाळी:
नाही. दुसऱ्यांच्या पोटांना लावल्यात, मोजल्या नाहीत. तुमचा अनुभव तुमच्या पोटाला बरोबरच आहे.

गवती_चहा:
मध्ये घुमट असलेली कॉन्व्हेक्स प्लेट येते ना? माझ्या मावशीला तीच चालली.

रात्रपाळी:
स्टोमा कातडीबरोबर सपाट असेल किंवा आत ओढला गेला असेल तर. बाबांचा किती वर आहे?

माधवी_सोलापूर:
बोटाच्या पेराएवढा असेल.

रात्रपाळी:
मग आत्ताच नको, उगाच दाबते. त्याआधी त्यांना खुर्चीत बसवा आणि ५ वाजता काय होतं ते बघा.

डोंगरभटक्या:
अवांतर: आपल्याकडच्या कांडोळाच्या झाडाचा, ज्याला भुत्या म्हणतात, डिंक या कामाला वापरत. पांढरंशुभ्र खोड, चांदण्या रात्री खरंच दचकायला होतं. त्या डिंकाला कराया गम म्हणतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलंडच्या टर्नबुल नावाच्या सर्जननी तो स्टोमाभोवती लावायला सुरुवात केली.

सुगरण_काकू:
आमच्याकडे डिंकाचे लाडू असतात तोच का हा? मग घरचाच लावता येईल की.

रात्रपाळी:
काकू, नको! लाडवातच राहू द्या.
पण टर्नबुलांचं नाव आलंच आहे तर, १९५८ मध्ये त्यांनी स्वतःच्याच एक पेशंट, नॉर्मा गिल, यांना स्टोमाच्या इतर रुग्णांना शिकवायला नेमलं. स्टोमा नर्स हा प्रकार तिथून सुरू झाला. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, जमल्यास एकदा दाखवा.

माधवी_सोलापूर:
सोलापूरहून परळ, ही अशी गळकी पिशवी घेऊन, रात्रभर गाडीत? सॉरी, तुमच्यावर राग नाही.
बसवून बघितलं. टाक्यांच्या व्रणापासून स्टोमाच्या खालपर्यंत चांगली घडी पडते. झोपले की गायब. मी नेहमी झोपवूनच लावत होते. आणि लेंग्याची नाडी बरोबर त्या घडीवर येते.

रात्रपाळी:
सापडलं की! उभं करून किंवा मागे रेलवून लावा, एका हाताने कातडी ताणून धरा. त्या घडीत, आणि फक्त घडीत, बॅरियर रिंगचा (मऊ, चिकट कडं) तुकडा नाहीतर थोडी पेस्ट. लावल्यावर पाच मिनिटं तळहात ठेवून ऊब द्या. सकाळी काही खाण्यापिण्याच्या आधी बदला, तेव्हा कमी वाहतं. नाडी स्टोमाच्या वर किंवा खाली.
पिशवी दिवसाला किती वेळा रिकामी करता? भरलेली किती असते? आणि पितात काय?

माधवी_सोलापूर:
दहा-बारा वेळा. अर्ध्याहून जास्त भरते तेव्हा. पितात लिंबू सरबत, ग्लुकोज पावडर, शहाळी. ४३ डिग्री आहे इथे, सारखी तहान लागते त्यांना.

रात्रपाळी:
एक तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनाने प्लेट ओढली जाते. आणि आता तुम्ही लिहू नका म्हणालात तेच लिहिते. २४ तास मापाच्या भांड्यात मोजा. दीड लिटरच्या वर गेलं, लघवी कमी किंवा गडद झाली, पायात गोळे आले, चक्कर आली, तर सर्जनला त्याच दिवशी फोन. साखरेची पेयं आतड्यात पाणी ओढतात, वाहणं वाढतं. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. सरबताच्या जागी ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. जेवणात मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा. मका, ओलं खोबरं, शेंगदाणे सध्या नको, अडकतात.

माधवी_सोलापूर (पाच दिवसांनी):
मोजलं तर १८०० भरलं. सर्जनना आकडा सांगितल्यावर पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं, रक्त तपासलं, एक गोळी सुरू केली. आता हजाराच्या आत आहे. कालची प्लेट तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून काढली, गळाली म्हणून नाही. ५ वाजताचा थर शाबूत होता. सकाळी सहाला चहाच्या आधी बाबा भिंतीला टेकून उभे राहतात आणि स्वतःच आरसा धरतात. नाडी मात्र अजून सवयीने त्या घडीवरच ओढतात.

पिशवीधारी:
छान. घडीत पेस्ट लावलीत ना शेवटी?

माधवी_सोलापूर:
हो काका. हरभऱ्याच्या डाळीएवढी.